यांगला वाट कुणी सांगितली

इकडची बाजू: तो बर्फातून आला.
तिकडची बाजू: बर्फात आमच्या गावाची वाट दिसत नाही.

इकडची बाजू: फेरीवाला होता, मडकी घ्यायला आला होता.
तिकडची बाजू: मडकी भट्टीत होती. भट्टी पेटलेली असताना फेरीवाले येत नाहीत, त्यांना धूर लांबून दिसतो.

आमच्या प्रार्थना अशाच चालतात. खोलीत दोन रांगा समोरासमोर बसतात. एका रांगेनं एक ओळ म्हणायची, दुसरीनं पुढची, मग पुन्हा पहिलीनं. बोलता येऊ लागल्यापासून हेच कानावर पडल्यामुळे मला कुठलीही गोष्ट दोन बाजूंनीच आठवते. यांगची तर एका बाजूनं आठवतच नाही.

डोंगराच्या घडीत आमची मूठभर घरं होती. सगळे कुंभार, आणि बाप कुणाचाच कुंभार नव्हता. पाबियानोचा बाप वैद्य होता. थोरल्या बाबांच्या वाड्यात म्हणे पुस्तकांची वेगळी खोली होती. माझ्या माहेरी भाताची खाचरं होती. राजाच्या शिपायांनी येशूला मानणारी माणसं धरायला सुरुवात केल्यावर जो तो डोंगरात पळाला, आणि डोंगरात माती आणि सरपण याशिवाय काही नव्हतं. शिवाय कुंभाराच्या घरी कुणी जेवायला बसत नाही, आणि तुझ्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या कुठं पुजल्या आहेत असं त्याला कुणी विचारत नाही; येशूला मानणाऱ्यांच्या घरी त्या पाट्या नसतात. म्हणून आम्ही कुंभार झालो. पहिली काही वर्षं आमची मडकी गळायची.

माझा नवरा बासिलिओ आदल्या शरदात रांजण घेऊन बाजारात गेला आणि तिथंच धरला गेला. तेव्हापासून आम्ही गाठोडी बांधून बसलो होतो. मार पडायला लागला की माणूस गावाचं नाव सांगतो. सगळेच सांगतात असं नाही, पण सांगतात. पानं गळून गेली, ओढा गोठला, शिपाई आले नाहीत.

"म्हणजे बासिलिओ बोलला नाही," थोरले बाबा म्हणाले. गावातल्या प्रार्थना तेच सांगायचे. पाद्री उरला नव्हता, त्यामुळे जे काही होतं ते म्हणजे थोरले बाबा.

"अजून बोलला नाही," पाबियानो म्हणाला.

त्या दिवशी यांगला पहिल्यांदा बुनीनं पाहिलं. बुनी माझी मुलगी. ती अंगणात बर्फाची भाकरी थापत होती.

"आई, ओढ्यातून एक माणूस वर येतोय."

"ओढ्याच्या कडेनं?"

"नाही गं. ओढ्यातून. आपल्यासारखा, दगडावर दगडावर."

मी माती मळत होते. माझे हात तिथंच राहिले.

हिवाळ्यात आम्ही गोठलेल्या ओढ्यातूनच ये-जा करायचो, बर्फात पाऊल उमटू नये म्हणून. मोडलेल्या देवदारापाशी ओढा दोन होतो. तिथं उजवीकडे वळायचं. डावीकडे वळलात तर कड्याखाली जाऊन थांबता. हे खालच्या कुणालाही माहीत नव्हतं. गावाबाहेर हे माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो तुरुंगात होता.

इकडची बाजू: बासिलिओनं शिपायांपुढे तोंड उघडलं.
तिकडची बाजू: बासिलिओनं येशूला मानणाऱ्या एका भावाला आसरा सांगितला.

मला यातली दुसरी बाजू हवी होती. हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून यांगच्या बाबतीत माझं कुणी काही ऐकून घेईना.

*

यांग म्हणजे वाळकं शरीर, एक पाय ओढत चालणं, पाठीवर ओझं वाहायची लाकडी चौकट. चौकट रिकामी.

"आन्सोंगच्या बाजारातून आलो," तो म्हणाला. "मडकी मिळतील का?"

"भट्टी लागलीय," थोरले बाबा म्हणाले. "विझून, गार होऊन, मग उघडणार."

"थांबतो."

वरून बर्फ पडतच होता. अशा हवेत थांबा म्हणायची सोय नव्हती आणि जा म्हणायचीही. त्याला मुल्ले आजींच्या घरी ठेवलं, कारण मुल्ले आजी एकट्या होत्या आणि त्यांना झोप लागत नसे.

सकाळी त्या माझ्याकडे आल्या. "फेरीवाला म्हणे. आल्यापासून एकदाही भाव विचारला नाही मेल्यानं. माझा नवरा मरायला टेकला होता तरी वैद्याशी घासाघीस करत होता."

"दमला असेल."

"दमलाय तर झोपावं. हा भिंतीला पाठ लावून बसतो. मी कूस वळले की डोळे उघडतो. मी दर थोड्या वेळानं कूस वळत राहिले, मुद्दाम."

पाबियानोचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. तो तरुण, आमच्यातला सगळ्यात चांगला चाकावरचा हात त्याचा, आणि सगळ्यात कमी झोपणाराही तोच. "तो भिंतीकडे बघत नाही, वहिनी. नवा माणूस घरात शिरला की आधी भिंती बघतो. काय टांगलंय, काय नाही. हा मुद्दाम बघत नाही."

"आपल्या भिंतींवर काही टांगलेलंच नाही."

"तेच तर. त्याला ते आधीच माहीत आहे."

थोरल्या बाबांनी त्याला सरपण फोडायला लावलं. काम करणाऱ्या माणसावर नजर ठेवणं सोपं जातं. तो दिवसभर भट्टीच्या तोंडाशी देवदाराचे ओंडके फोडायचा. काही विचारायचा नाही. हेर असता तर विचारलं असतं, मी म्हणाले. शिकवून पाठवलेला हेर विचारत नाही, पाबियानो म्हणाला. त्याचा पाय मारानं गेलाय, मी म्हणाले. पाय कशानंही जातो, झाडावरून पडूनही, पाबियानो म्हणाला. आम्ही दोघं आमच्या आमच्या रांगेत बसल्यासारखे ओळीमागून ओळ म्हणत होतो, आणि मध्ये यांग लाकडं फोडत होता.

*

मग पाबियानोच्या फाशात रानकोंबडा सापडला.

"शुक्रवारी शिजवू," तो म्हणाला.

खालच्या गावांत शुक्रवार नसतो. तिथं पौर्णिमा असते, बाजाराचा दिवस असतो, वार नसतात. वार फक्त आम्ही मोजायचो, रविवार चुकू नये म्हणून, आणि शुक्रवारी मांस खायचं नाही म्हणून. आपला माणूस असेल तर तो कुठंही असला तरी वार मोजत असणार. त्याच्यापुढे शुक्रवारी कोंबडा ठेवायचा. हात आखडला तर आपला.

मुल्ले आजींनी रस्सा केला. महिनोन्‌महिने राळ्याची पेज आणि आंबवलेल्या मुळ्याची किमची यापलीकडे काही दिसलं नव्हतं. आम्ही जेवून आलोय असं सांगितलं आणि बसून राहिलो. बुनीला मी आणलंच नाही.

यांगनं वाडग्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग खाल्लं. सगळं. हाडंसुद्धा चोखली, आणि वाडग्यात गरम पाणी घालून तेही प्यायला.

तो लाकडांकडे परत गेल्यावर पाबियानो म्हणाला, "संपलं. आपला नाही."

"शिपायांचा असता तर खाल्लं नसतं," मी म्हणाले. "त्यांनाही आपले वार कळलेत आता. आपला आहे असं भासवायला त्यानं वाडगा बाजूला सारला असता."

"म्हणजे खाल्लं म्हणून तो आपला?"

"आपला असला तर त्यालाही वाटणार ना, हे शिपायांचे असतील, मला पारखतायत. घाबरून खाईल तो."

मुल्ले आजी वाडगा घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खाल्लं तरी आपला, नाही खाल्लं तरी आपला. बुनीच्या आई, तुला तो आपला असायलाच हवाय."

खोटं नव्हतं ते.

"कोंबडा वाया गेला," थोरले बाबा म्हणाले.

पाबियानो उठला. "बर्फ थांबला की मी त्याला खाली पोचवून येतो. मोडल्या देवदारापर्यंत. पुढं डाव्या ओढ्यानं जा म्हणून सांगतो."

डावीकडे तो कडा होता; बर्फात त्याच्याखाली अडकलेला माणूस परत येत नाही. त्याला म्हणायचं काय आहे ते सगळ्यांना कळलं. मी थोरल्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते राखेत काडीनं रेघा ओढत बसले.

*

आमची एक जुनी भट्टी होती. वरून तडकलेली, वापरातून गेलेली, डोंगराच्या पोटात बोगद्यासारखी आडवी शिरलेली. शेवटचे पाद्री आले होते तेव्हा त्यांनी आतच मिस्साची उपासना केली होती, आम्ही एकामागं एक उकिडवे बसून. दुसऱ्या दिवशी उजाडताना बर्फ थांबला, आणि मी त्या भट्टीत शिरले.

भीती कशी असते ते मला सांगता येईल, कारण ती माझ्याजवळ फार दिवस राहिली आहे. ती छातीत नसते. ती पोटऱ्यांत असते. बसलं तरी पोटऱ्या पळत असतात.

बासिलिओला नेल्यापासून मी घरी एकटीच प्रार्थना म्हणायची. माझी ओळ म्हणायची, आणि समोरच्या ओळीएवढी जागा सोडायची. तो जिथं असेल तिथं त्याची ओळ म्हणतच असेल असं धरून. बुनी विचारायची, आई, मधे मधे गप्प का होतेस. मी म्हणायची, बाबांची पाळी आहे.

त्या सकाळी मी पहिली ओळ म्हटली आणि जागा सोडली.

इकडची बाजू: देवा, आमच्याकडे पाहा.
तिकडची बाजू:

आणि त्या मोकळ्या जागेत मला विचार आला, तो म्हणत नसेल तर. त्यानं ते शब्द उच्चारले असतील, मी येशूला मानत नाही म्हणून, आणि आता प्रार्थना म्हणायला त्याचं तोंड उघडत नसेल तर. मग इतके महिने मी कुणाची पाळी सोडत होते?

मी देवाला म्हणाले, यांग आपला असू दे. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की यांगशी मला देणंघेणंच नाही. माझा नवरा फुटला नाही एवढं मला ऐकायचंय, आणि त्यासाठी एक परका माणूस मी साक्षीला उभा केलाय. तो खोटा ठरला तर त्याला कड्याखाली पाठवायला मीही गप्प राहिले असते. थोरल्या बाबांसारखी राखेत रेघा ओढत.

मी रडले. आतल्या काजळीनं हात काळे झालेले, तेच तोंडाला लागले. बाहेरून कुणी यायचं नाही हे माहीत असूनही आवाज दाबून रडले, कारण तशीच सवय होती.

मग मी बासिलिओची ओळ म्हटली. पहिल्यांदाच. तो फुटला असेल तर त्याच्या वतीनं, नसेल तर त्याच्याबरोबर. माझी ओळ, त्याची ओळ, माझी, त्याची. शेवटपर्यंत. कुणी उत्तर दिलं नाही, कसला उजेड पडला नाही. तो बोलला का, हे मला आत जाताना माहीत नव्हतं आणि बाहेर येतानाही माहीत नव्हतं. पण देव ते ऐकून माझ्यापासून दूर सरकला नाही. मी सगळ्यात वाईट ते त्याच्यासमोर बोलून दाखवलं होतं, आणि तरी तो तिथंच होता, भट्टीच्या भिंतीसारखा, चारी बाजूंनी. पोटऱ्या पळायच्या थांबल्या. मी बसले होते ती खरोखर बसले.

बाहेर आले तेव्हा पाबियानो अंगणात कमरेला दोर बांधत होता.

*

भट्टी पेटली की तिचा घोंघाट असतो. तोंडाशी उभं राहून बोललेलं दोन हातांपलीकडे ऐकू जात नाही. यांग ओंडके आत सारत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"माझं नाव लुचिया."

त्याच्या हातातला ओंडका खाली पडला. गावात मला बुनीची आईच म्हणत. बाप्तिस्म्याचं नाव उघड्यावर कुणी घेत नसे. ते सांगणं म्हणजे मान पुढे करणं.

"मला सांगू नका हे," तो म्हणाला.

"सांगून झालं."

"मी कोण आहे माहीत नाही तुम्हाला."

"नाही."

"मग?"

"वाट कुणी सांगितली?"

तो आगीकडे बघत म्हणाला, "बासिलिओदादांनी. तुरुंगात त्यांचा पाय आणि माझा पाय एकाच लाकडी खोड्यात होता. म्हणाले, सुटलास तर ओढ्यातून वर जा, मोडल्या देवदारापाशी उजवीकडे."

"अजून काय म्हणाला?"

"रांजणांबद्दल बोलायचे. बायको राख नीट चाळत नाही म्हणे, म्हणून झिलई पातळ बसते."

मला हसू आलं. आणि लगेच मनात आलं, खोड्यापलीकडे बसलेल्या पहारेकऱ्यानंही हे ऐकलं असेल. त्यालाही हे पाठ करून घेता येईल. हसूही आलं आणि संशयही आला, दोन्ही एकदम.

"तुम्ही सुटलात कसे?"

यांगनं पडलेला ओंडका उचलून आत सारला. "म्हणालो मी."

"काय?"

"ते म्हणायला सांगतात ते. मी मानत नाही. फार मोठं वाक्य नसतं. मग पाय सोडवतात, पेज देतात."

"म्हणून शुक्रवारी कोंबडा खाल्लात."

"मला वार माहीत होता. पण उपास धरायचा मला काय हक्क? तुम्ही सगळे उपाशी बसून माझ्याकडे बघत होतात. तेवढं तरी खरं वागावं म्हटलं. आणि भूकही होती, बाई. खोटं कशाला बोलू."

"आणि तो? बासिलिओ?"

"मी निघालो तोवर नव्हते म्हणाले."

"नंतर?"

"नंतरचं मला माहीत नाही."

भट्टीत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. एखादा रांजण गेला असेल.

"तुमच्या मागं कुणी आलंय का?"

"सारखा वळून बघत आलो. दिसलं नाही कुणी." तो खाली बसला, ओढता पाय लांब करून. "पण बाई, मला सोडलं ते का, हेही मला माहीत नाही. वाक्य म्हटलं म्हणून सोडलं, की मी कुठं जातो ते बघायला सोडलं. मी इथं यायलाच नको होतं. बाजारात तीन-चार जागी बसून पाहिलं. कुठं बसवेना."

*

मी बाकीच्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझं नाव सांगितल्याचंही.

"म्हणजे नाकारून आलेला," पाबियानो म्हणाला. "मला वाटलं होतं त्याहून वाईट. शिपाई वाट दाखवायला असल्यांनाच पुढे घालतात. आणि तुम्ही त्याला नाव सांगून बसलात."

"हो."

"त्याला पापाची माफी द्यायलासुद्धा पाद्री उरलेला नाही."

"माफी आपल्या हातात नाही," थोरले बाबा म्हणाले. "कडा मात्र आपल्या हातात होता. मी काल गप्प बसलो." त्यांनी काडी आगीत टाकली. "गाठोडी उचला. पलीकडच्या खोऱ्यात जाऊ. आत्ताच."

"भट्टी अर्धी जळलीय," मुल्ले आजी म्हणाल्या. "माझे लोणच्याचे रांजण आहेत आत."

"असू देत."

"माझं मेलीचं नशीबच तसं. या वेळी झिलई चांगली बसणार होती."

"त्याला इथंच सोडू," पाबियानो म्हणाला. "बांधून. आपण कुठं गेलो ते त्याला कळायला नको."

"थंडीनं मरेल," मी म्हणाले. "नाहीतर शिपाई येतील आणि पुन्हा मारतील."

"पुन्हा म्हणेल तो. एकदा म्हटलंय, दुसऱ्यांदा काय जड जाणार?"

"म्हणेल. मीही म्हणेन कदाचित."

"तुम्ही नाही म्हणणार. तुम्ही बासिलिओदादांच्या घरच्या."

"बासिलिओचं मला माहीत नाही, पाबियानो. तो आत्ता काय म्हणत असेल ते मला माहीत नाही. माझंही माहीत नाही. तुझं तुला माहीत आहे?"

त्यानं कमरेच्या दोराची गाठ आवळली.

"माझं मला माहीत आहे," थोरले बाबा म्हणाले. "मला नुसती काठी दाखवली तरी मी ओरडेन."

"काठी लांबची गोष्ट," मुल्ले आजी म्हणाल्या. "मला अंगणात उभं केलं तरी पुरे. या गारठ्यात मी सगळ्यांची नावं सांगीन, गेलेल्यांचीसुद्धा."

कुणीतरी हसलं. मग पाबियानोही हसला, मनाविरुद्ध, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. तो वीसेक वर्षांचा होता आणि शरदापासून रोज रात्री तो मनातल्या मनात खोड्यात पाय घालून स्वतःला विचारत असणार, मी म्हणेन का. हे मला तेव्हाच कळलं.

"मग तो पुढं चालेल," तो म्हणाला. "माझ्या पुढं. माझ्या डोळ्यांसमोर. त्यानं पाऊल वाकडं टाकलं तर मी कुणाचं ऐकणार नाही."

*

निघताना दोन रांगा झाल्या, उभ्यानंच. यांग दाराबाहेर राहिला. थोरल्या बाबांनी हाक मारली, तरी आत आला नाही. आम्ही ओळी म्हटल्या. मी कान त्याच्याकडे ठेवला होता, पाबियानोनंही ठेवला होता. यांगचे ओठ हलले नाहीत. हे चांगलं लक्षण की वाईट, यावर त्या सकाळी कुणी बोललं नाही.

माझ्या पाठीवर धान्याची पिशवी होती. बुनीला गुडघ्यापेक्षा खोल बर्फात चालता येत नव्हतं. मी तिला उचललं आणि यांगच्या चौकटीवर बसवलं. वरून गोधडी, गोधडीवरून दोरी.

"वहिनी, शुद्धीवर आहात का?" पाबियानो म्हणाला.

"मग तू घे तिला."

त्याच्या पाठीवर थोरल्या बाबांची पुस्तकं, तवा आणि मुल्ले आजींचं अर्धं घर होतं.

यांग तिचा भार सावरत म्हणाला, "हिला माझ्याकडे नका देऊ. मी तुम्हाला सगळं सांगितलंय."

"सांगितलंत म्हणूनच," मी म्हणाले. पण ते पुरतं खरं नव्हतं. भट्टीपाशी जे पूर्ण खरं वाटलं होतं ते आता उघड्यावर थोडं थोडं निसटत होतं. दोरीची गाठ मारताना मी मनात म्हणत होते, देवा, हिला मी याच्या पाठीवर ठेवत नाही. तुझ्या ठेवते. तू पकड. मग पुन्हा गाठ तपासली.

चढाच्या वाटेला लागलो. यांग सर्वांत पुढे, त्याच्या पाठीशी लागून हातात भट्टीचा लोखंडी गज घेतलेला पाबियानो, मग मी, मग बाकीचे. बुनी वरून सगळ्यांकडे बघत होती आणि यांगला सांगत होती की डावीकडे वाकू नका, मला फांदी लागते.

"बरं, बाईसाहेब," तो म्हणत होता.

खिंडीच्या अलीकडे पोचलो तेव्हा खालून कुत्र्यांचं भुंकणं आलं.

आमच्या गावात कुत्रं नव्हतं. भुंकतं म्हणून आम्ही कधी पाळलंच नाही.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. भुंकणं ओढ्याच्या बाजूनं वर येत होतं. मग माणसांचे आवाज. मग एक दार मोडल्याचा आवाज, थंडीत तो अगदी जवळ वाटला.

इकडची बाजू: यांगच्या मागोमाग आले.
तिकडची बाजू: बासिलिओ बोलला.

दोन्ही बाजू एकदम मनात आल्या, आणि कुठलीच पुढे सरकली नाही. त्या आजही तशाच समोरासमोर बसलेल्या आहेत.

पाबियानोनं गज दोन्ही हातांत धरला. यांग वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हिला उतरवून घ्या," तो मला म्हणाला. "मी खाली जातो. मी सापडलो की ते थांबतील. मला मारण्यात त्यांचा वेळ जाईल."

"खाली जाऊन बोट दाखवेल इकडं," पाबियानो म्हणाला. आवाज फुटत होता. "वहिनी, हेच करायचं होतं त्याला. पहिल्यापासून."

"काही म्हणणार नाही मी या वेळी," यांग म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटतं. माहीत नाही."

बुनी गोधडीतून माझ्याकडे बघत होती. मी पुढे झाले, यांगच्या अगदी समोर. त्याच्या डोळ्यांत मी शोधलं. तिथं भीती होती, माझ्यासारखीच, आणि भीतीकडे बघून माणूस खरा की खोटा हे ओळखता येत नाही. मला बासिलिओ दिसला, खोड्यात बसलेला, राख नीट चाळत नाही म्हणून कुरकुरणारा. तो फुटला असेल तर त्यालाही आत्ता कुणीतरी असंच वाटेत भेटावं, मला वाटलं.

"दोरीला मी गाठी फार मारल्यात," मी म्हणाले. "सोडत बसायला वेळ नाही. चला."

"बाई..."

"देव आहे खाली आणि देव आहे वर. तुम्ही वर चला. पोरगी आहे पाठीवर."

तो हलेना. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला खिंडीकडे वळवलं. तसं तर परक्या पुरुषाला शिवणंही बरं दिसत नाही आमच्यात, पण वळवलं. तो एक पाऊल टाकून कंबरेपर्यंत खचला. खिंडीत वाऱ्यानं बर्फ साठवून ठेवला होता. ओढता पाय त्याला काढता येईना, आणि बुनी वर डुगडुगली.

पाबियानोनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली, आवाजांकडे. मग त्या बर्फाकडे, जो तुडवल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येणार नव्हतं, आणि तुडवायला अंगात जोर असलेला तो एकटाच होता.

त्यानं गज यांगच्या हातात दिला. "याचा टेका घेत या," तो म्हणाला, "माझ्या पावलावर पाऊल टाका." आणि त्याच्याकडे पाठ करून तो पुढे शिरला.